उद्याच्या खात्यावर मांडलेली कामे



काम पुढे ढकलण्याच्या सवयीसाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत, याची एकदा मोजदाद करून पाहावी. चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, हयगय, टंगळमंगळ, वेळकाढूपणा, कालहरण. प्रत्येक शब्दाची छटा निराळी. दिरंगाई कचेरीत होते, हयगय सेवाशुश्रूषेत होते, टंगळमंगळ मुले अभ्यासात करतात, वेळकाढूपणा देणेकरी करतो. चालढकल मात्र सर्वांच्याच घरी मुक्कामाला असते. विद्वानांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि गृहिणींच्याही. भाषेने इतके शब्द घडविले, त्या अर्थी हा दोष जुना आहे आणि तो ओळखीचाही आहे.

या सर्व शब्दांच्या शेजारी 'आळस' हा शब्द ठेवला, की एक भेद तत्काळ ध्यानात येतो. आळशी मनुष्य पाय पसरून निवांत पडलेला असतो आणि त्याला त्याची फारशी खंतही नसते. चालढकल करणारा मनुष्य मात्र निवांत कधीच नसतो. परीक्षा चार दिवसांवर आलेला विद्यार्थी एकाएकी टेबल आवरावयास घेतो, पेन्सिलींना टोके काढतो, नवे वेळापत्रक रंगीत शाईने आखतो. ज्या व्यापाऱ्याला थकलेल्या उधारीसाठी एका जुन्या स्नेह्याला दूरध्वनी करावयाचा आहे, तो सकाळपासून बिलांच्या फायली लावीत बसतो. दुरावलेल्या भावाशी बोलावयाचे ठरविलेली बहीण त्याच दुपारी माळ्यावरची पितळी भांडी उतरवून घासू लागते. ही सर्व माणसे कष्ट करीत आहेत. घाम गाळीत आहेत. फक्त जे करावयाचे होते, तेवढेच राहून गेले आहे.

म्हणून चालढकलीचा विचार करताना तिला आळस समजून चालणार नाही. रोगाचे निदान चुकले, की औषधही चुकते. आळशी माणसाला 'ऊठ, कामाला लाग' असे सांगता येते. जो आधीच कामाला लागलेला आहे, पण दुसऱ्याच कामाला, त्याला काय सांगावे?

पंधरांपैकी चौदा

आपल्या परंपरेने या दोषाला 'प्रमाद' असे नाव दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत मिथ्यात्व आणि अविरती यांच्यानंतर, कषाय आणि योग यांच्या आधी, प्रमादाचे स्थान आहे. प्रवचनात हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो, की त्याचा अर्थ 'सुस्ती' असा मनाशी ठरवून आपण पुढे जातो. परंतु गोम्मटसारात प्रमादाचे जे पंधरा प्रकार सांगितले आहेत, ते एकदा बोटांवर मोजून पाहावेत. चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रिये, एक निद्रा आणि एक प्रणय, म्हणजे स्नेहासक्ती.

या पंधरांपैकी निष्क्रियता म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे निद्रा. उरलेल्या चौदांत मनुष्य जागा आहे. तो बोलतो आहे, ऐकतो आहे, पाहतो आहे, चव घेतो आहे, रागावतो आहे, कोणाच्या तरी मायेत गुंतला आहे. श्वेतांबर परंपरेत प्रमादाचे पाच भेद सांगण्याची पद्धत आहे. त्यांतही निद्रेबरोबर विषय, कषाय आणि विकथा आहेतच. प्राचीन आचार्यांची ही गणती फार बारकाईची आहे. प्रमाद म्हणजे काहीच न करणे, असे त्यांनी मानलेले नाही. जे करावयास हवे त्याचे भान सुटून मन भलतीकडे रमणे, याला त्यांनी प्रमाद म्हटले.

हा उपदेश कोणाला केला गेला, हेही पाहण्यासारखे आहे. उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर क्षणमात्रही प्रमाद न करण्याविषयी पुन्हा पुन्हा बजावतात, ते गौतमस्वामींना. म्हणजे प्रथम गणधरांना. त्यांच्याइतका उद्योगी आणि दक्ष शिष्य दुसरा कोण होता? गुणस्थानांच्या क्रमातही सहावे स्थान 'प्रमत्तसंयत' या नावाचे आहे. महाव्रते घेतलेल्या मुनींच्या बाबतीतही प्रमादाची शक्यता तेथे मान्य केली आहे. तेव्हा संसारी गृहस्थाचे मन कामावरून घसरले, तर त्यात नवल नाही आणि खचून जाण्याचेही कारण नाही. मात्र ते कोठे घसरते, हे पाहण्याची सवय हवी.

विकथेचे नवे घर

चार विकथा कोणत्या? स्त्रीकथा, भक्तकथा, राष्ट्रकथा आणि राजकथा. भक्त म्हणजे भोजन. शब्द जुने आहेत, पण आपल्या हातातला मोबाइल उघडा आणि त्यांची आजची रूपे पाहा. नटनट्यांच्या लग्नांच्या आणि काडीमोडांच्या वार्ता ही पहिली. चमचमीत पदार्थांच्या एकामागून एक येणाऱ्या चित्रफिती ही दुसरी. कोणता देश कोणावर कुरघोडी करतो आहे याची न संपणारी चर्चा ही तिसरी. कोणता पुढारी कोणाला काय म्हणाला यावर रात्री नऊ वाजता होणारी आरडाओरड ही चौथी. ज्या काळी करमणुकीचे यंत्र अस्तित्वात नव्हते, त्या काळी माणसाचे मन कोणत्या चार दिशांना पळते हे या यादीने अचूक टिपले होते.

फरक पडला आहे तो प्रमाणात. पूर्वी पारावरची विकथा संध्याकाळी दिवेलागणीला आपोआप मोडत असे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असे. पोथीलाही शेवटचे पान असते. २००६ मध्ये ॲझा रॅस्किन या संगणक-रचनाकाराने पडद्यावरचा मजकूर कधी संपूच नये, अशी योजना तयार केली. बोट सरकवीत राहावे आणि खालून नवे येत राहावे. पुढे त्याने स्वतःच या योजनेच्या परिणामांविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी असल्याचे सांगितले होते. अशा बाजारात आपले लक्ष हीच विकाऊ वस्तू झाली आहे आणि तिचा मालक मात्र गाफील आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क या संशोधिकेने माणसे संगणकाच्या एकाच पडद्यावर किती वेळ लक्ष ठेवतात, याची अनेक वर्षे नोंद केली. २००४ च्या सुमारास हा वेळ सरासरी अडीच मिनिटे होता. अलीकडच्या वर्षांत तो सुमारे ४७ सेकंदांवर आला आहे. याचा अर्थ बाजूला ठेवला, तरी आकडाच पुरेसा बोलका आहे. ४७ सेकंदांत नवकार मंत्र शांतपणे दोन-तीन वेळा म्हणून होईल. हिशेबाचे एक पान मात्र तपासून होणार नाही.

मन पळते कशापासून?

तरीही सर्व दोष मोबाइलच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही पितळी भांडी माळ्यावरून उतरत होतीच. पळण्याची वाट मोबाइलने रुंद केली; पळण्याचे कारण मात्र आतले आहे.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालढकलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मते हा प्रश्न वेळेच्या नियोजनाचा कमी आणि भावना हाताळण्याचा अधिक आहे. एखादे काम समोर आले, की त्याच्याबरोबर एखादी नकोशी भावना येते. कधी कंटाळा, कधी भीती, कधी संकोच, कधी 'आपल्याला हे जमणार नाही' ही शंका. मन कामाला टाळत नाही; ते या भावनेला टाळते. काम बाजूला सारताच ती भावना निवळते आणि क्षणभर हायसे वाटते. हे हायसे वाटणे हाच पुढच्या चालढकलीचा खाऊ ठरतो. ज्या गोष्टीने दिलासा मिळाला, ती मन पुन्हा करू पाहते.

व्यापारी कुटुंबात वाढलेल्यांना हे निराळ्या शब्दांत सांगता येईल. आजचा हा दिलासा उद्याकडून उसना घेतलेला असतो आणि उद्या हा सावकार बिनव्याजी देत नाही. पत्र लिहावयाचे चार दिवस राहिले, तर चार दिवसांच्या विलंबाची माफी मागणेही त्या पत्रात येते. महिना गेला, की केवळ त्या माफीच्या संकोचाने पत्रच राहून जाते. मुद्दल होते दहा ओळींचे पत्र. व्याजाने स्नेह बुडाला.

हे एकदा समजले, की स्वतःला दूषणे देण्याचा उपाय का फसतो, तेही समजते. 'मी असाच कोडगा' असे म्हणून मनुष्य आधीच्या नकोशा भावनेत आणखी एका नकोशा भावनेची भर घालतो. आणि मन आणखी दूर पळते. घरातील मुलाला अभ्यासावरून रोज बोलणी बसत असतील आणि तरीही पुस्तक उघडले जात नसेल, तर त्या बोलण्यांनीच पुस्तक अधिक जड केलेले असण्याचा संभव आहे. अशा वेळी 'का बसत नाहीस?' असे विचारण्यापेक्षा 'या धड्यात नेमके काय नकोसे वाटते?' असे विचारणारा बाप अधिक उपयोगी पडतो. पुष्कळदा उत्तर फार लहान असते. मागचा धडा समजलेला नसतो आणि ते सांगावयाची लाज वाटत असते.

ज्या कामांना मुदत नाही

चालढकलीने सर्वांत मोठी हानी कोठे होते? ज्या कामांना मुदत आहे, तेथे नव्हे. विजेचे बिल, शाळेची फी, प्राप्तिकराचे विवरणपत्र, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा नोव्हेंबरातील हयातीचा दाखला, ही कामे धावतपळत का होईना, पार पडतात. मागे कोणीतरी दंडुका घेऊन उभा असतो. ज्या कामांची आठवण करून देणारे कोणीच नाही, ती मात्र वर्षानुवर्षे उद्याच्या खात्यावर मांडलेली राहतात. मृत्युपत्र करणे. बँकेच्या खात्यावर वारसाचे नामनिर्देशन करणे. पन्नाशी उलटल्यावर रक्तदाब आणि साखर तपासून घेणे. वृद्ध आईकडून घराण्याची हकीकत लिहून घेणे. भावाशी बोलणे.

या विस्मृतीची किंमत रुपयांतही मोजता येते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक खात्यांतील आणि दावा न केलेल्या ठेवींतील रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापिलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. सलग सात वर्षे लाभांशावर दावा केला नाही, तर तो लाभांश आणि ते समभागही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. दोन्हींकडून रक्कम परत मागता येते. विविध बँकांतील अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळही सुरू केले. पण वडिलांच्या पश्चात कोणत्या बँकेत काय होते, हे आईला ठाऊकच नसेल, तर शोधावयाचे तरी काय? जिने जन्मभर काटकसर केली, तिला उतारवयात कागदांच्या मागे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, आणि हे सर्व एका अर्ध्या तासाच्या कामाअभावी.

मृत्युपत्राविषयी तर आपल्याकडे विलक्षण संकोच आहे. ते केले म्हणजे मृत्यूला आमंत्रण दिले, असे काहींना वाटते. वस्तुतः ते साध्या कागदावर करता येते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी केली तर चांगलेच, पण ती सक्तीची नाही. करणाऱ्याने सही करावी आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात, ही मुख्य अट. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार न करणे शहाणपणाचे. बँकेतील नामनिर्देशन हे मृत्युपत्राची जागा घेत नाही, हेही ध्यानात असावे. बँक ज्याच्या हाती रक्कम सोपविते तो कायद्याने तिचा अंतिम मालक असतोच असे नाही. देहाच्या अनित्यतेवर रोज भावना भाविणाऱ्या समाजाने तरी या कागदाला भिऊ नये.

'बैल गेला आणि झोपा केला' ही आपली म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल दावे तोडून गेल्यावर दार बसवण्यात अर्थ नसतो, हे सांगणारी ही म्हण शेतकऱ्याने अनुभवाने केली. मुदत नसलेल्या कामांचे तसेच आहे. त्यांना मुदत असते. फक्त ती आपल्याला आधी कळवली जात नाही.

ज्यांची वेळ दुसऱ्यांच्या हाती आहे

येथे एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक अपुरे काम चालढकलीमुळे अपुरे राहत नाही. घरातील सुनेने स्वाध्यायाला पुस्तक उघडले, की दाराची घंटा वाजते. पुन्हा बसली, की सासऱ्यांच्या औषधाची वेळ होते. तिसऱ्यांदा बसली, की मुलाचा सदरा सापडत नाही. संध्याकाळी पुस्तक त्याच पानावर असते आणि वर 'तुला वाचनाची आवडच नाही' हे ऐकावे लागते. हा प्रमाद तिचा नाही. तिची वेळ घराने तुकडे करून वाटून घेतली आहे.

आपण सामायिकाला बसलेल्या माणसाला हाक मारत नाही. ४८ मिनिटांचा तो काळ घरातील सर्वजण सांभाळतात. मुलेही पाय न वाजवता जातात. सामायिक हे समभावाच्या साधनेसाठी आहे, कामे उरकण्याच्या सोयीसाठी नाही, आणि त्याला तसे वापरूही नये. पण त्याच्यामुळे घराला जी एक शिस्त माहीत झाली आहे, ती अन्यत्रही पाळता येईल. दिवसातून एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, घरातील प्रत्येकाला विनाव्यत्यय मिळावा. विद्यार्थ्याला अभ्यासासाठी, सुनेला वाचनासाठी, आजोबांना लेखनासाठी. त्या वेळी दार दुसऱ्याने उघडावे आणि सदराही दुसऱ्याने शोधावा. एकाग्रता ही एकट्याच्या निश्चयावर जेवढी अवलंबून असते, तेवढीच शेजारच्या माणसाच्या सौजन्यावरही असते.

नियम आणि मनसुबा

आता उपायाकडे वळू. तो आपल्या घरातच आहे. चातुर्मासात आपण नियम घेतो. नियमाची घडण पाहा. नवकारसीचे पच्चक्खाण घेणारा 'यापुढे संयमाने खाईन' असे मोघम म्हणत नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत मुखात काही घालणार नाही, असे तो ठरवितो. चौविहार करणाऱ्याची रेषा सूर्यास्तावर आखलेली असते. काय, केव्हा आणि कोठवर, हे तिन्ही आधीच ठरलेले. त्यामुळे ऐन वेळी मनाशी वाटाघाटी करण्याचा प्रसंगच येत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार याच्या जवळचा आहे. 'हे काम करीन' एवढ्या इच्छेपेक्षा 'अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करीन' असे ठरविलेले काम पार पडण्याची शक्यता पुष्कळ वाढते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. पहिला प्रकार मनसुबा आहे, दुसरा नियम आहे. 'या वर्षी मृत्युपत्र करावयाचे' हा मनसुबा. 'रविवारी सकाळी पूजेहून आल्यावर, चहापूर्वी, जेवणाच्या टेबलावर बसून मालमत्तेची यादी लिहीन' हा नियम.

नियम करताना तो लहान ठेवावा. काम जड नसते, त्याचा उंबरठा जड असतो. उंबरठा ओलांडल्यावर बहुतेक कामे आपोआप सरकू लागतात. म्हणून पहिले पाऊल इतके लहान असावे, की मनाला पळण्याचे निमित्त मिळू नये. संपूर्ण हिशेब नव्हे, पहिले पान. संपूर्ण पत्र नव्हे, मायना आणि पहिली ओळ. आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. डोळ्यांसमोर मिठाई ठेवून उपवास करण्याची परीक्षा कोणी मुद्दाम देत नाही. कामाच्या वेळी खिशात विकथा ठेवून बसण्याची परीक्षाही देऊ नये.

लहान पावलांनी केवढे अंतर कापता येते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी सहकारी पंडितांसह षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेच्या संपादनाचे काम हाती घेतले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके राहिलेला हा ग्रंथ सर्वांना वाचावयास मिळावा, ही त्यांची तळमळ. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला, सोळावा १९५८ मध्ये. मध्ये महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला. हे काम एकाच महाकाय ओझ्यासारखे समोर ठेवले असते, तर कोणाचाही धीर खचला असता. ते एका वेळी एका खंडाचे, एका पानाचे आणि एका पाठभेदाचे काम होते, म्हणून ते पूर्णत्वास गेले.

सायंकाळचा हिशेब

इतके करूनही नियम कधी मोडेल. त्या दिवशी काय करावे? येथे प्रतिक्रमणाची दृष्टी उपयोगी पडते. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. आपण कोठे गेलो होतो ते पाहावयाचे, त्याची कबुली द्यावयाची आणि स्वस्थानी परतावयाचे. त्यात रडत बसणे नाही आणि झाकणेही नाही.

२०१० मध्ये मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यासात चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. वरवर हे उलटे वाटते. पण अपराधाचे ओझे हलके झाले, की काम पुन्हा जवळ करता येते. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो आणि सर्वांना क्षमा करतो. त्या सर्वांत आपला स्वतःचा जीवही आहे, हे मात्र विसरतो. क्षमा म्हणजे सूट नव्हे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे बसून मन आज कोठे घसरले, कोणत्या भावनेपासून पळाले आणि उद्या किती वाजता पुन्हा बसावयाचे, एवढे तीन प्रश्न विचारले, तरी तो दिवसाचा पुरेसा हिशेब होतो.

आणि जाता जाता, ढकलण्याची ही कला अगदीच टाकाऊ नाही. संतापाने लिहिलेला संदेश उद्यावर टाकावा. कोणाविषयी ऐकलेली कुजबुज पुढे पाठविणे उद्यावर टाकावे. गरज नसलेली खरेदी उद्यावर टाकावी. आपण बहुधा याच्या उलट वागतो. रागाचे उत्तर त्याच मिनिटाला जाते आणि क्षमेचे शब्द वर्षभर लांबतात. ढकलण्याचा विषय बदलला, तरी पुष्कळ साधेल.

चातुर्मासाचे चार महिने असतात. तप, त्याग, स्वाध्याय यांचे नियम आपण आपापल्या शक्तीनुसार घेतोच. त्यांच्या जोडीला या वर्षी एक लहानशी यादी करावी. ज्यांना मुदत नाही, ज्यांची आठवण कोणी करून देत नाही आणि जी राहून गेली तर मागच्यांना त्रास होईल, अशी चार कामे तीत लिहावीत; महिन्याला एक. प्रत्येक कामापुढे दिवस, वेळ आणि जागा लिहावी आणि ती यादी घरातील एका माणसाला वाचून दाखवावी, कारण साक्षीने घेतलेला नियम अधिक टिकतो. पहिल्या ओळीत कोणते काम लिहावयाचे, असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर सोपे आहे. हा लेख वाचत असताना जे काम आपल्याला दोनदा आठवले आणि दोन्ही वेळा आपण पुढच्या परिच्छेदाकडे वळलो, तेच ते काम.